तिन्ही चेंडू वर

३ फेब्रुवारी, सकाळी

काल संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आलो. आयुष्यातली पहिली रोजनिशी आज सुरू. कोणी वाचावी म्हणून नव्हे. मला जे सांगायचं असतं ते मी माइकवर सांगतो, आणि शेवटच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्यालाही दचकून जाग येईल एवढ्या आवाजात सांगतो. माणूस केवळ इच्छाशक्तीच्या जोरावर पुन्हा कसा उभा राहतो याची नोंद कुठेतरी राहावी, एवढ्याचसाठी ही वही.

घडलं ते असं. हृदयाच्या तीन लाइनी तुंबल्या होत्या. सर्जनने पायातली शीर काढली, तिच्या नव्या लाइनी टाकल्या आणि तुंबलेल्या भागाला बगल दिली. सगळी हयात पाणीपुरवठा खात्यात घालवलेल्या माणसाला यात नवीन ते काय? जोडाच्या ठिकाणी प्रेशर किती धरता, असं उलट मीच त्यांना विचारलं. सर्जन हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही.

निघताना श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. मी त्यांना श्वासबाई म्हणतो. वय फार तर तीस, पण अधिकारवाणी जिल्हाधिकाऱ्याची. म्हणाल्या, बायपासनंतर फुप्फुसाभोवती पाणी साठायची भीती असते, डाव्या बाजूला जास्त. ते साठू नये म्हणून दिवसभर थोड्या थोड्या वेळाने यंत्रातून श्वास आत ओढायचा. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. चालायचं. रोज सकाळी वजन बघायचं. लघवीची गोळी चुकवायची नाही. आणि कोरडा खोकला सुटला, वजन भराभर वाढलं, आडवं पडल्यावर दम लागला, तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. हिने मान डोलावली. लेकीने सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मीही ऐकत होतो. फक्त त्या वेळी डोक्यात सभेच्या भाषणाची सुरुवात जुळत होती, आणि सुरुवात जुळत असताना मध्ये बोललेलं मला चालत नाही.

पाणी! अर्ध्या शहराचं पाणी ज्याने या हाताने वळवलं, त्याला पाण्याची भीती घालतात!

निर्धार: सत्तावीस तारखेला युनियनची सर्वसाधारण सभा आहे. खात्याचं काम ठेकेदाराच्या घशात घालण्याच्या करारावर सही करावी असा ठराव येणार आहे. तो मी एकट्याच्या भाषणाने पाडणार. मी बोललो नाही तर आमचे लोक मेंढरासारखे सही करतील.

५ फेब्रुवारी

यंत्राचं निरीक्षण केलं. प्लास्टिकचं आहे. तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक चेंडू, खाली एक लवचिक नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर उचलले जायला हवेत. पहिला गेला. दुसरा थरथरला आणि बसला. तिसरा वरिष्ठ अधिकाऱ्यासारखा जागचा हलला नाही. छातीच्या हाडात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ही म्हणाली, परत करा. म्हटलं, तू कर. तिने केलं. तिन्ही चेंडू वर जाऊन टकटक आपटले आणि तिथेच राहिले. मी म्हणालो, तुझी छाती कापलेली नाही. ती म्हणाली, म्हणूनच मला करायला सांगितलेलं नाही.

या बाईला वादविवादाची शिस्त कधी लागलीच नाही.

८ फेब्रुवारी

तीन दिवस विचार केला. यंत्रामागची कल्पनाच मुळात चुकीची आहे.

आजवरचा कुठला वक्ता श्वास आत ओढून मोठा झाला? क्रांत्या झाल्या त्या माणसांनी श्वास बाहेर टाकल्यामुळे! लोहाराचा भाता घ्या. रिकामा झाल्याशिवाय तो भरेल का? आधी बाहेर टाका, आत यायचं ते आपोआप येतं, हा साधा निसर्गनियम आहे. मी तर गेली चाळीस वर्षं गेटवर, रस्त्यावर, ट्रकच्या टपावर उभा राहून हा व्यायाम करत आलोय.

तेव्हा यंत्रात फुंकून बघितलं. चेंडू हलेनात. बसल्या बसल्या यंत्र उलटं केलं, पुन्हा फुंकलं. तिन्ही चेंडू वर! सटासट! आणि छातीत कळ फारशी नाही.

मनात म्हटलं, हे त्या श्वासबाईंना कोणी शिकवलं नसेल.

हिला अजून सांगितलेलं नाही. ती स्वयंपाकघरातून विचारते, किती झाले हो? मी म्हणतो, तिन्ही. खोटं नाही.

९ फेब्रुवारी

लघवीच्या गोळीबद्दल. ती घेतली की सकाळभर पायऱ्या झिजवाव्यात तशा बाथरूमच्या खेपा. भाषणाचा सराव रंगात आला की नेमकी हाक येते. आज मुख्य वाक्य म्हणत होतो: पाणी हा धंदा नव्हे, पाणी हा हक्क आहे, आणि हक्क ठेक्याने देता येत नाही! हे वाक्य मी एका श्वासात म्हणतो. टाळ्या हमखास. आज ‘हक्क आहे’पाशी उठावं लागलं.

गोळी एक दिवसाआड घेणार. शरीरालाही विश्रांती हवी.

११ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचे वकील सकाळी सकाळी वर गच्चीवर. नळाला पाणी नाही, टाकी रिकामी की व्हॉल्व्ह अडकलाय ते कळेना. या इमारतीत टाकीत किती पाणी आहे ते फक्त मला कळतं. झाकण उघडावं लागत नाही. बोटाच्या पेराने वरून खाली वाजवत यायचं. रिकामी टाकी टण्ण बोलते. जिथे आवाज मेला, तिथे पाणी. खात्यात आम्ही नव्या पोराला सगळ्यात आधी हे शिकवायचो, पाना नंतर.

जिना चढायचा आज कंटाळा केला. वकिलांना म्हटलं, फोन टाकीजवळ धरा आणि वाजवा. ते वाजवत गेले, मी खुर्चीत बसून ऐकत होतो. टण्ण, बद्द. थांबा, म्हटलं. पाऊण भरली आहे. व्हॉल्व्ह बघा. व्हॉल्व्हच निघाला. वकील म्हणाले, काका, तुमच्या कानाला तोड नाही. छातीचा डॉक्टर व्हायला हवे होतात.

हो तर! कान शाबूत आहे, आवाज शाबूत आहे. आणखी काय लागतं?

१२ फेब्रुवारी

श्वासबाईंचा व्हिडिओ कॉल. म्हणाल्या, चेंडू दाखवा. मी यंत्र कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं की चेंडूंशिवाय काही दिसू नये. फुंकलं. तिन्ही वर. वा काका, म्हणाल्या, इतक्या लवकर तिन्ही? ओढताय ना नीट? म्हटलं, पूर्ण जोर लावतोय. यातला एकही शब्द खोटा नाही.

खोकताय का, म्हणाल्या. म्हटलं, खोकला येतो, पण मी दाबतो. त्यांचा चेहरा पडला. दाबू नका हो, उशी धरा आणि खोका, आतलं मोकळं होऊ दे. आता मला सांगा, ज्या माणसाने मोर्चे काढले त्याने उशी कवटाळून खोकायचं? जेवणाच्या टेबलावर? लेकीने उशीला नवा अभ्राही शिवलाय, फुलाफुलांचा.

खडीसाखर तोंडात ठेवली की खोकला बसतो.

१४ फेब्रुवारी

मवाळ येऊन गेला. म्हणजे आमचा उपाध्यक्ष. नाव मीच पाडलंय, आता सगळे तेच म्हणतात. बोलतो इतकं हळू की तो बोलतोय की विचार करतोय ते समजत नाही. हा माणूस ठेकेदाराला अडवणार!

आल्या आल्या म्हणाला, भाऊ, सभेबद्दल एक सांगायचं होतं. मी म्हटलं, आधी माझं ऐक. आणि त्याला भाषण म्हणून दाखवलं, सुरुवातीपासून. मधे दोनदा थांबून पाणी प्यायलो. मवाळ माझ्याकडे बघत होता. म्हणाला, भाऊ, दम लागतोय तुम्हाला. म्हटलं, तो विराम आहे. विराम हा वक्तृत्वाचा अर्धा भाग. तो पुन्हा म्हणाला, सभेबद्दल जरा. मी त्याला विरामावर पंधरा मिनिटं बौद्धिक दिलं. शेवटी चहा पिऊन उठला.

काहीतरी सांगायचं होतं त्याला. लेखी भाषण मागणार असणार, म्हणजे मला घरी बसवून वाचायला मोकळा. डाव ओळखला. संधीच दिली नाही.

जिन्यात तो हिच्याशी बराच वेळ कुजबुजला. कट.

१६ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. वजन वाढतंय. लेकीने आणलेल्या काट्यावर आज पुन्हा काटा पुढे. हॉस्पिटलमध्ये पार चिपाड झालो होतो. अंग भरायला लागलं. भूक मात्र नाही. न खाता अंगी लागतंय, याचा अर्थ शरीर अन्नाचा कण न् कण वापरतंय.

ही म्हणाली, फोन करू का त्यांना, इतकं भराभर वाढलं तर कळवा म्हणाल्या होत्या. म्हटलं, कमी झालं असतं तर कर. ती काट्याकडे बघत राहिली. मग मी उतरल्यावर तिने काटा हलवून बघितला, बिघडला तर नाही ना.

१८ फेब्रुवारी

झोपेबद्दल नवा शोध. पलंगावर आडवं होणं ही सवय आहे, गरज नाही. आडवा झालो की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. उठून बसलो की तो उतरतो. मग बसूनच झोपावं! दोन दिवस आरामखुर्चीत झोपतोय. मोठमोठे सेनापती घोड्यावर बसल्या बसल्या झोपत, असं कुठेतरी वाचलंय.

ही पलंग सोडून माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर अंथरूण घालते. कशाला, विचारलं. म्हणाली, तुमचा श्वास ऐकू येतो इथून.

ऐकू येणारच. वक्त्याचा श्वास आहे.

२० फेब्रुवारी

आज सर्जनकडे तपासणी होती. एक मार्चवर ढकलली.

कारण उघड आहे. गेलो की एक्स-रे काढतील. एक्स-रे काढला की काहीतरी सापडेल. सापडलं की ठेवून घेतील. आणि सभा सत्तावीसला. हिला म्हटलं, हॉस्पिटलचाच फोन होता, तारीख त्यांनी बदलली.

ही म्हणाली, फोन वाजलेला ऐकला नाही. म्हटलं, व्हायब्रेटवर होता.

२१ फेब्रुवारी

भाषणाची शैली बदलली. लांब वाक्यं जुनी झाली. आता लहान वाक्यं. पाणी धंदा नव्हे. थांबायचं. पाणी हक्क आहे. थांबायचं. हक्क ठेक्याने देता येत नाही, हे आता दोन तुकड्यांत. तरुणांना असंच आवडतं. मोबाइलवर बघतात ते सगळं असंच तुटक असतं.

संध्याकाळी खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत चालत सराव. मग बसून. बसून जास्त चांगला होतो.

२३ फेब्रुवारी

बूट आकसलेत. महिनाभर कपाटात पडून चामडं ओढलं गेलं असणार. मोजेसुद्धा. घोट्यावर मोज्याचा वळ उठतो आणि संध्याकाळपर्यंत जात नाही. सभेला चपला घालीन. कामगारांचा नेता चपलेतच शोभतो.

आज चहा गार आणला म्हणून हिला बोललो. ती तशीच उभी राहिली. म्हटलं, काय? म्हणाली, पुढे बोला ना. म्हटलं, संपलं. म्हणाली, इतक्या वर्षांत तुमचं रागावणं असं मध्येच कधी संपलं नव्हतं. आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

गार चहासाठी रडतात का कोणी?

२५ फेब्रुवारी

अनर्थ.

लेक बँकेतून लवकर घरी आली. मी यंत्रावर होतो. दारातच थांबली. बाबा, म्हणाली, ते उलटं आहे.

समजावून सांगायला लागलो. भाता. निसर्गनियम. तिने यंत्र हातातून घेतलं, सुलटं केलं, नळी माझ्यापुढे धरली. ओढा.

ओढलं.

एकही नाही. पहिलासुद्धा नाही.

ती यंत्राकडे बघत होती. मीही. चेंडू तीन लहान मुलं गप्प बसावीत तसे खाली बसून होते.

किती दिवस फुंकताय, तिने विचारलं. सांगितलं. ती ओरडली. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. खोकला आला. थांबेना. कोरडा, टोचणारा. हिने फुलाफुलांची उशी माझ्या छातीला लावली आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. काय आश्चर्य, बरं वाटलं. हे मी बोललो नाही.

लेकीने श्वासबाईंना फोन लावला. स्पीकरवर. बाई शांतपणे म्हणाल्या, आज घेऊन या. उद्या नाही, आज.

मी म्हटलं, सत्तावीसनंतर. लेक म्हणाली, आत्ता. म्हटलं, मला ताण द्यायचा नाही, सर्जननेच सांगितलंय. जबरदस्ती केलीत तर इथेच काही होईल, मग बघा. लेकीने गाडीची किल्ली खाली ठेवली. युक्तिवाद निर्णायक होता. बिनतोड. जिंकल्यावर जसं वाटायला हवं तसं मात्र वाटलं नाही.

शेवटी तडजोड. गोळी सभेपर्यंत रोज घ्यायची. सभेतून थेट हॉस्पिटल. हिने कपड्यांची बॅग भरली आणि लेकीच्या गाडीत मागे ठेवून आली. वर आल्यावर म्हणाली, उशीपण ठेवलीय.

२७ फेब्रुवारी, सकाळी

सभा आज.

खिडकीशी बसलोय. ओठ जरा निळसर, असं ही म्हणते. उजेड तसा आहे.

भाषण आणखी लहान केलं. कागदाची गरज नाही. एकच वाक्य पुरे. नेमका घाव.

जिना उतरताना दोनदा थांबणार. लोकांशी बोलायला.

गाडीत बॅग आहे. बघायची नाही.

आवाज तयार आहे.

१ मार्च, वॉर्ड

पेन नीट धरवत नाही. लिहितो तरी.

हॉल गच्च भरलेला. मी आत आलो तेव्हा सगळे उभे राहिले. टाळ्या. मवाळने हात धरून स्टेजवर नेलं. माइक पुढे केला. हळूच म्हणाला, भाऊ, बसून बोला. मी उभा राहिलो.

पाणी, म्हणालो.

पुढचं आलं नाही. शब्द सगळे होते, जागच्या जागी, रांगेत उभे. त्यांना ढकलायला मागे काही नव्हतं. तोंड उघडं. हॉल शांत. इतकी शांतता माझ्या भाषणात कधी पडली नव्हती. लोकांना वाटलं, विराम आहे. वाट बघत राहिले.

पाणी, पुन्हा म्हणालो.

पहिल्या रांगेतून कोणीतरी ग्लास आणून दिला.

तो हातात घेतला. पुढे काय झालं ते तुकड्यांत आठवतं. मवाळचा हात काखेत. माझ्या चपलेचा एक पाय स्टेजवरच राहिला. गाडीत ही मागे, मी तिच्या अंगावर टेकून, उशी मध्ये. लेक हॉर्नवरचा हात काढत नव्हती.

इथे तरुण डॉक्टर होता. शर्ट वर केला. मला पुढे वाकवून बसवलं. पाठीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर वाजवलं. वरून खाली.

खांद्याशी टण्ण.

त्याच्या खाली टण्ण.

त्याच्या खाली, बद्द.

मी डोळे मिटले. तो पुढे वाजवत गेला. बद्द. बद्द. बद्द. कमरेपर्यंत तेच. आवाज कुठे मेला ते त्याने पेनने खूण करण्याआधी मला कळलं होतं. कानावर विश्वास ठेवला नाही असं माझ्याकडून कधी झालं नाही. त्या दिवशी ठेवायचा नव्हता. पण कान ऐकेना.

म्हटलं, अर्ध्याच्या वर आहे.

डॉक्टर थबकला. म्हणाला, काका, तुम्ही मेडिकलचे का?

मान हलवली. ही म्हणाली, पाणीपुरवठ्याचे.

मग एक्स-रे. पाठीत सुई, मग नळी. नळीचं टोक पलंगाखालच्या बाटलीत. गडद चहासारखं पाणी. दीड लिटर निघालं. डाव्या फुप्फुसाला फुगायला जागाच नव्हती, म्हणाले. एक दिवस उशिरा आला असतात तर, आणि वाक्य तिथेच सोडलं. हल्ली सगळेच मध्ये थांबतात.

४ मार्च, सकाळी

मवाळ आला. चप्पल घेऊन. दुसरा पाय. पिशवीत घालून आणली होती.

ठरावाचं विचारलं. पडला, म्हणाला. बाजूने एक हात वर आला नाही.

डोळे भरून आले. माझा एकच शब्द. तरीही.

मवाळ चप्पल पलंगाखाली, बाटलीपासून लांब, नीट जोडीने ठेवत होता. न बघता म्हणाला, भाऊ, खात्याच्या सगळ्या चौक्यांवरच्या कामगारांचं आधीच ठरलं होतं. आम्ही एकेका चौकीत जाऊन बसलो, त्यांचं ऐकलं, त्यांनाच ठेका नको होता. तुम्ही दगदग करून येऊ नका, हेच सांगायला त्या दिवशी घरी आलो होतो. पण तुम्ही बोलत होता.

म्हटलं, जिन्यात हिला सांगितलंस ना.

सांगितलं, म्हणाला. वहिनी म्हणाल्या, मी सांगून त्यांना पटेल का?

ही खिडकीकडे बघत होती.

मवाळ बराच वेळ बसला. मी त्याला बोलू दिलं. इलाज नव्हता. आवाज तसा वाईट नाही त्याचा.

४ मार्च, दुपारी

श्वासबाई आल्या. रागावल्या नाहीत. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं. यंत्र पुढे ठेवलं. लेकीने त्यावर पांढरी पट्टी चिकटवली आहे. मोठा बाण, आणि खाली ठळक अक्षरांत: ही बाजू वर. वॉर्डातले बाकीचे वाचून हसतात. शेजारचे गृहस्थ म्हणाले, फ्रिजवर असतं तसं.

बाई म्हणाल्या, सावकाश. फुलाचा वास घेतल्यासारखा. कोणाला ऐकवायचं नाही.

नंतर डॉक्टरांचा राउंड. या वेळी मोठे. डावी बाजू वाजवली. ठीक, म्हणाले. पातळी बरीच उतरली. मलाही तसंच ऐकू आलं होतं.

मग त्यांनी बोट उजवीकडे ठेवलं.

टण्ण.

टण्ण.

मग नाही.

त्यांनी तिथे पुन्हा एकदा वाजवलं. तरुण डॉक्टरकडे नुसतं बघितलं, उद्या एक्स-रे म्हणाले, आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

ही लगेच जवळ आली. काय म्हणाले हो? चेहरा आशेचा. सगळं उत्तम, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. इतकी वर्षं तिथेच तर असतं ते.

म्हटलं, उजवीकडेही आलंय.

दोन शब्द. एका श्वासात मावले.

तिने उशी उचलून माझ्या छातीशी ठेवली. यंत्र उचललं, बाण वर आहे ना ते बघितलं, नळी माझ्या हातात दिली.

ओढलं.

पहिला चेंडू हलला. उचलला गेला नाही.

ही म्हणाली, परत.